धुक्यामागचा सातपुडा : ‘सॅन अँड्रियास’ आज खेळावा का?

प्रश्न चोपड्याहून आलाय. विचारणारा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे हा गेम निघाला तेव्हा त्याचा जन्म व्हायचा होता. तो म्हणतो, “माझे दोन्ही चुलतभाऊ ‘जीटीए सॅन अँड्रियास’चं नाव निघालं की हळवे होतात. मी दिवाळीच्या सुट्टीत टाकला, चार तास खेळलो. गाडी साबणावरून घसरल्यासारखी पळते, चेहरे पुठ्ठ्याचे, मिशन फसलं की सगळं पहिल्यापासून. दादा, तुम्ही याच लाइनमध्ये आहात. खरं सांगा, यात खरंच काही होतं का, की ही नुसती लहानपणाची माया?”

माया आहेच, भाऊ. पण नुसती मायाच असती तर त्याच काळातले बाकीचे पन्नास गेम तुझ्या चुलतभावांना का आठवत नाहीत?

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. २००५ ते २००८ मी भुसावळला मामांच्या सायबर कॅफेत काउंटरवर बसायचो. ११ मशीन, त्यातल्या फक्त तिनांत ग्राफिक्स कार्ड. ‘व्हाइस सिटी’, म्हणजे याच ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) मालिकेतला आधीचा गेम, कुठल्याही मशीनवर कण्हत-कुंथत चालायचा. ‘सॅन अँड्रियास’ला मात्र २५६ एमबी रॅम, ६४ एमबीचं कार्ड आणि हार्ड डिस्कवर साडेतीन जीबीहून जास्त जागा लागायची. म्हणून त्या तीन मशीनसाठी रांग लागायची. पुढे पुण्याला गेलो, आधी गेम टेस्टर झालो, मग लेव्हल डिझायनर, म्हणजे गेममधल्या जागा आणि रस्ते आखणारा. त्यालाही आता १५ वर्षं होतील. तेव्हा हा गेम मी दोनदा शिकलोय असं म्हण: एकदा पोरांच्या पाठीमागे उभा राहून, आणि एकदा धंद्यात पडल्यावर, उघडून बघत.

माझं मत एका शब्दात सांगायचं तर ते ‘अंतर’. या गेमची गोडी अंतरात आहे आणि याचे बहुतेक दोषही अंतरातूनच आलेत. एक काढायला गेलास की दुसरं हाती लागतं.

गेम २६ ऑक्टोबर २००४ ला प्लेस्टेशन २ वर आला, कॉम्प्युटरवर २००५ च्या जूनमध्ये. बनवला स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या रॉकस्टार नॉर्थने. गोष्ट १९९२ सालची. कार्ल जॉन्सन, म्हणजे सीजे, आईच्या खुनाची बातमी ऐकून पाच वर्षांनी गावी परततो आणि विमानतळावरून निघाल्या निघाल्या भ्रष्ट पोलिसांच्या हातात सापडतो. मॅपवर तीन शहरं: लॉस सँटोस हे लॉस एंजेलिसवरून, सॅन फियेरो सॅन फ्रान्सिस्कोवरून, लास व्हेंच्युरास लास व्हेगासवरून. आणि या तिघांच्या मध्ये शेतं, जंगल, डोंगर, वाळवंट.

आता गंमत बघ. हा अख्खा मॅप ६ किलोमीटर बाय ६ किलोमीटरचा आहे. ३६ चौरस किलोमीटर, बस्स. भुसावळ ते जळगाव रस्ता धरलास तर त्यात हे ‘राज्य’ चार वेळा एकापुढे एक मावेल. पण तुझ्या चुलतभावाला विचार, लॉस सँटोसहून सॅन फियेरोला पहिल्यांदा गेलास तेव्हा कसं वाटलं? तो म्हणेल, लांबचा प्रवास करून परगावी गेल्यासारखं. हे कसं केलं त्यांनी?

तू चोपड्याचा, तुला हे दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल. मे महिन्यात गच्चीवरून उत्तरेला बघ. धुळीने आभाळ भरलेलं असतं, सातपुडा म्हणजे नुसती एक फिकट रेघ. वाटतं, कुठे तिकडे दूर देशात आहे. मग पहिला पाऊस पडतो, धूळ बसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर एकदम अंगणात आल्यासारखा. झाडं मोजावीत इतका जवळ. डोंगर तिथेच असतो. मधली धूळ तेवढी गेलेली असते.

‘सॅन अँड्रियास’मध्ये ती धूळ मुद्दाम सोडलीय. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी होती. तुझ्या मोबाइलमधले सात-आठ फोटो झाले की संपली. इतक्यात लांबचं काही दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणून लॉस सँटोसवर नारिंगी धुरकट हवा, जंगलात धुकं, वाळवंटात पिवळा फुफाटा. मशीनची गरिबी झाकायला घातलेलं पांघरूण होतं ते, पण त्यांनी ते इतकं बेतून घातलं की कॅलिफोर्नियाची हवाच तशी असेल असं आपल्याला वाटलं. शिवाय खेड्यांतले रस्ते सरळ नाहीत. वळणं घेत, डोंगराला वळसा घालत, पुलाखालून पुन्हा पुलावर. एका शहरातून दुसरं शहर नजरेला पडत नाही, मध्ये डोंगर नाहीतर पाणी आडवं येतं. सहा किलोमीटरची घडी घालून घालून त्यांनी तीस किलोमीटरचा भास केला. मी आज नव्या पोरांना लेव्हल डिझाइन शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी हाच मॅप उघडतो.

याचा पुरावा कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्का मिळाला. ११ नोव्हेंबर २०२१ ला याची नवी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. नव्या मशीनला लांबचं दाखवायला काय अडचण? धुकं काढून टाकलं. मग गेममधल्या चिलियाड डोंगरावर उभं राहिलं की पलीकडची शहरं सरळ दिसायला लागली, विमानातून बघितलं तर सगळं राज्य जत्रेतल्या देखाव्याएवढं. ज्यांनी आठ-आठ महिने तिथे भटकंती केली होती त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण एवढ्याशा अंगणात फिरत होतो. त्या आवृत्तीत दुकानांच्या पाट्यांवर चुकीची अक्षरं, सुयांसारखा पाऊस, बिघडलेले चेहरे असं बरंच काही होतं, आणि साधारण आठवड्याने कंपनीने जाहीर माफी मागितली. पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक धुक्याची. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या पद्धतीचा प्रकाश परत दिला, तेव्हा कुठे डोंगर मागे सरकला.

तुझ्या चार तासांत तू खेड्यापर्यंत पोचलेला नसशील. तिथेच खरा गेम सुरू होतो, निदान आपल्या भागातल्या पोरांसाठी तरी. गोष्टीत एक वळण असं येतं की लॉस सँटोसमधली टोळी, घर, भाऊ, सगळं सीजेच्या हातून जातं आणि तोच पोलिसवाला टेनपेनी त्याला नेऊन एंजेल पाइन नावाच्या डोंगरपायथ्याच्या गावात सोडतो. बारा तास टोळीयुद्ध खेळलेल्या माणसाला एकदम शांतता. मातीचा रस्ता, लाकडाचे ट्रक, शेतं. आमच्या कॅफेत त्या क्षणी दर वेळी एकच प्रतिक्रिया यायची: “ट्रॅक्टर! भो, ट्रॅक्टर आहे!” फैजपूर, सावदा, यावल इकडून कॉलेजला येणारी पोरं होती ती. तोवर गेममध्ये त्यांनी फेरारीसारख्या गाड्या शेकड्याने बघितल्या होत्या, पण ट्रॅक्टर बघितला नव्हता, आणि त्याला मागे ट्रॉलीही जोडता येते म्हटल्यावर तर विचारूच नकोस. एक जण तासाचे १५ रुपये भरून तासभर नुसता ट्रॅक्टर चालवायचा. घरी चालवतोस ना रे, विचारलं तर म्हणाला, घरी बाबा हात लावू देत नाहीत. पुढे एका मिशनमध्ये कापणीचं हार्वेस्टर पळवायचं असतं. ते त्याने किती वेळा खेळलं याचा हिशेब माझ्या वहीत सापडेल.

पाण्याचंही तसंच. ‘व्हाइस सिटी’त पाण्यात पडलं की मेलं. त्यामुळे पहिल्यांदा सीजे पुलावरून खाली पडला आणि हातपाय मारत पोहायला लागला, तेव्हा शेजारच्या मशीनवरची पोरं खुर्च्या सोडून उभी राहिली. ‘व्हाइस सिटी’त एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना पडदा थांबायचा, लोडिंग यायचं. इथे तिन्ही शहरं सलग. कुठेही थांबणं नाही. फक्त दुकानात-घरात शिरताना एक क्षण अंधार, कारण आतल्या खोल्या त्या इमारतीत नाहीतच. मॅपच्या वर, उंच आकाशात टांगून ठेवल्यात. दारातून आत पाऊल टाकलंस की तुला उचलून ढगात नेतात. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस कुठल्याही दुकानात शिरलो की छताकडे बघत होतो.

मग शरीर. सीजे खातो, न खाल्ल्यास वाळतो, जास्त खाल्ल्यास ओकतो, जिममध्ये घाम गाळला तर दंड फुगतात, सायकल चालवली तर दम वाढतो. गाडी चालवून चालवून हात बसतो. तू म्हणतोस ना, गाडी साबणावरून पळते? त्यातली थोडी घसरण खरी आहे, थोडी तुझ्या सीजेचं ड्रायव्हिंग अजून कच्चं आहे म्हणून. हेच नेमबाजीचं. गेमने ही गोष्ट तुला नीट सांगितली नाही हा दोष त्याचा. पण चार तासांवर निकाल दिलास हा तुझा.

गाण्यांबद्दल एवढंच: ११ रेडिओ स्टेशनं होती, आणि आमच्याकडे ती कुणी ऐकली नाहीत. कॉम्प्युटरच्या आवृत्तीत ‘युझर ट्रॅक्स’ नावाचं फोल्डर होतं, त्यात आपली एमपीथ्री टाकली की ती गाडीत वाजायची. तिन्ही मशीनवर कुणीतरी अहिराणी गाणी भरून ठेवली होती. सीजेच्या गल्लीत, ग्रोव्ह स्ट्रीटवर, हिरवे कपडे घातलेली त्याची टोळी उभी, आणि लो-रायडर गाडीतून लग्नाच्या वरातीतलं अहिराणी गाणं दणदणतंय. मी नंतर मूळ रेडिओ ऐकला तेव्हा मला तो परका वाटला. तसं म्हटलं तर २०१४ च्या एका अपडेटमध्ये परवाने संपले म्हणून मूळ गाण्यांतली काही काढूनच टाकली. आमची अहिराणी शाबूत राहिली.

आता दोषांकडे. इथे मी माया ठेवणार नाही.

सगळ्यात मोठा दोष हा की जग मोकळं आहे आणि मिशन बंदिस्त. बाहेर गेम तुला म्हणतो, कर काय करायचं ते. मिशन सुरू झालं की तोच गेम वर्गातल्या मास्तरांसारखा छडी घेऊन उभा: याच रस्त्याने, याच गाडीत, एवढ्याच वेळात. जरा वेगळी युक्ती केलीस की नापास. डिझायनर म्हणून सांगतो, हा आळस नव्हता. इतक्या मोकळ्या जगात गोष्ट कशी सांगायची हे तेव्हा कुणालाच पुरतं उमगलं नव्हतं. पण खेळणाऱ्याला त्याचं काय?

याचं बदनाम उदाहरण म्हणजे रेल्वेचं मिशन. मालगाडीच्या टपावर शत्रूची चार पोरं, तू मोटरसायकलवर, मागे सीजेचा दोस्त बिग स्मोक बंदूक घेऊन. तू फक्त गाडी पळवायची, गोळ्या त्याने मारायच्या. जगभरातल्या पोरांनी या मिशनवर डोकं आपटलंय. भुसावळात तर निम्मी पोरं रेल्वे क्वार्टरमधली, आजोबांपासून रेल्वेत, आणि रेल्वेच्याच मिशनला नापास. वर प्रत्येक वेळी स्मोकचा तोच टोमणा, जणू चूक सगळी तुझी. खरं कारण साधं आहे. मालगाडीला चिकटून मोटरसायकल चालवलीस तर स्मोकच्या गोळ्या डब्याच्या भिंतीला लागतात, कारण त्याला वरचा कोन मिळत नाही. रुळांपासून उजवीकडे दूर हो, उंचवट्यावरून चालव, डब्याच्या बरोबरीने राहा आणि स्वस्थ बस. तो एकेक करून पाडतो. बघ, उपाय आहे. पण गेम तो सुचवत नाही; उलट ‘पाठलाग कर’ असं म्हणून तुला चुकीच्या जागी पाठवतो. त्याला मी अवघड मिशन म्हणत नाही, चुकीची सूचना म्हणतो.

रेल्वेचा विषय निघालाच तर एक राहवत नाही म्हणून सांगतो. या गेममध्ये तुला स्वतः रेल्वे चालवता येते, आणि वळणावर फार वेगात गेलास तर ती रुळावरून घसरते. कॅफेत सगळी पोरं मुद्दाम घसरवायची. एकच जण होता, लोको पायलटचा मुलगा, तो कधीच घसरवायचा नाही. प्रत्येक वळणाआधी वेग कमी करायचा. बाकीचे हसायचे, पण तो ऐकायचा नाही.

दुसरा दोष सेव्हचा, आणि हा आमच्या भागात जितका भोवला तितका एडिंबरोवाल्यांच्या स्वप्नातही आला नसेल. गेम कुठेही सेव्ह होत नाही. आपल्या घरी जायचं, तिथे फिरणाऱ्या फ्लॉपीच्या खुणेत उभं राहायचं, तेव्हाच. आणि ती वर्षं लोडशेडिंगची. गावाबाहेर वीजकेंद्राच्या चिमण्यांतून धूर निघताना दिसतोय आणि कॅफेत लाइट नाही, असे ते दिवस. आमचा यूपीएस सहा-सात मिनिटं टिकायचा. लाइट गेली की मी ओरडायचो, “घरी पळा!” आणि तिन्ही मशीनवर एकदम एकच धांदल. कुणी वाळवंटात, कुणी डोंगरावर, कुणी पोलिसांच्या तावडीत, सगळे जवळच्या घराकडे सुसाट. मागे उभे असलेले दहा जण रस्ता सांगतायत. यूपीएसची शिट्टी वाढत चाललीय. कुणी दारात पोचला आणि पडदा काळा झाला की जो आवाज उठायचा, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. गेली १५ वर्षं मी उत्कंठा कशी बांधायची याचे पैसे घेतो. इतकी उत्कंठा मला एकदाही जमली नाही.

त्यात सेव्हच्या जागा आठ. एका मशीनवर आठ जागा आणि खेळणारी पोरं वीस. “भो, माझं सेव्ह कोणी उडवलं?” यावरून हातघाई व्हायची. शेवटी मी एक वही केली, कुठल्या मशीनवर कुठली जागा कुणाची, सही घेऊन. मामा म्हणायचे, तलाठ्याच्या दप्तराला शोभेल. मिशनच्या मध्ये थांबायची सोय मूळ आवृत्तीत नव्हती. मेलास की हॉस्पिटलात जागा होतोस, हत्यारं गेलेली, खिशातले थोडे पैसे गेलेले, मिशन देणारा शहराच्या दुसऱ्या टोकाला. काही मिशनांत पुन्हा जाताना मधला प्रवास वगळायची सवलत होती, सगळ्यांत नाही. जे अंतर भटकताना अमृत वाटतं तेच इथे विष होतं. २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत मध्ये-मध्ये चेकपॉइंट, म्हणजे फसलं तरी जिथून पुढे सुरू करता येतं अशा जागा, घातले, ती दुरुस्ती खरी गरजेची होती.

आता झीरोचं विमान. खेळण्यांच्या दुकानाचा हा झीरो तुला रिमोटचं इवलंसं विमान देतो, मोजकं इंधन भरलेलं, आणि शहरभरातली माणसं टिपून परत यायला सांगतो. कॅफेत किमान सहा जणांनी या मिशनवर गेम कायमचा सोडला. आणि खरी गोष्ट ही, की झीरोची मिशनं गोष्ट पूर्ण करायला लागतच नाहीत! पण हे गेम कुठेही सांगत नाही. तेव्हा अडकलास तर सरळ सोडून दे, पुढे जा. विमान शाळेचं मात्र तसं नाही. वाळवंटातली धावपट्टी ८०,००० डॉलरला विकत घ्यावी लागते आणि तिथलं उडायचं शिक्षण पास व्हावंच लागतं. कीबोर्डवर ते छळ आहे. एखादा गेमपॅड मागून आण.

गोष्टीचं काय? पहिला एक तृतीयांश भाग उत्तम. भाऊ, बहीण, गल्ली, विश्वासघात, सगळं घट्ट. टेनपेनीला सॅम्युएल एल. जॅक्सनचा आवाज आहे, आणि तो माणूस नुसता बोलला तरी अंगावर काटा येतो. मग गोष्ट सैल सुटते: गॅरेज, कसिनोवर दरोडा, सरकारी गुप्तहेर, लष्करी तळावरून चोरलेला जेटपॅक. मजा आहे, नाही म्हणत नाही. पण जो माणूस जेट विमान उडवतो, ज्याच्या खिशात लाखो डॉलर आहेत, तो परत गल्लीत येऊन कोपऱ्यावरच्या चार पोरांशी इलाक्यासाठी भांडतो, हे पटत नाही. आणि शेवटचं मिशन उघडायला सुमारे ३५ टक्के इलाका जिंकावाच लागतो. एकाच प्रकारची मारामारी, पुन्हा पुन्हा. जिंकलेल्या भागावर तू लांब असताना हल्ला होतो, तू पोचेपर्यंत गेला. लांबी वाढवायला घातलेलं पाणी आहे ते. कसंबसं उरकून टाक.

काही दोष वयाचे नाहीत, दृष्टीचे आहेत. यातल्या बायका बहुतेक एकतर शोभेच्या नाहीतर टिंगलीच्या. मेक्सिकन, चिनी, काळे, गोरे, सगळे आपापल्या ठरीव मुखवट्यात. १९९२ ची लॉस एंजेलिसची दंगल, तिथल्या काळ्या वस्तीवरचा पोलिसांचा जुलूम, ही खरी जखम गेमने गोष्टीला घेतली, आणि पुढच्याच मिनिटाला तिच्यावर पाचकळ विनोद केला. आम्ही तेव्हा भुसावळात बसून यातलं काहीच ओळखलं नाही. आम्हाला ती सगळी ‘इंग्रजी पिक्चरमधली माणसं’ होती. आज खेळताना खुपतं. अमेरिकेत हा गेम १७ वर्षांवरच्यांसाठी होता, आणि आमच्याकडे आठवीतली पोरं खेळत होती. काउंटरवर मीच होतो, तेव्हा ती चूक माझीही.

तिथलंच एक प्रकरण आमच्या धंद्यात अजून धडा म्हणून सांगतात. गेममधून वगळलेला एक लैंगिक प्रसंग डिस्कवरून काढलाच नव्हता, फक्त त्याला कुलूप लावलं होतं. कॉम्प्युटरची आवृत्ती आली आणि चाहत्यांनी कुलूप उघडलं. २० जुलै २००५ ला अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने गेमला ‘फक्त प्रौढांसाठी’चा शिक्का दिला, मोठ्या दुकानांनी माल फळीवरून उतरवला. आमच्या ऑफिसात कुणी “तो भाग बंद करून ठेवलाय” म्हणालं की मी अजूनही विचारतो, बंद केलायस की काढलायस?

तांत्रिक बाजू थोडक्यात. रस्त्यावर मागे वळून बघितलंस की मघाची गाडी गायब; तू जी गाडी चालवतोस तीच गाडी अचानक चहूकडे दिसायला लागते. भूत नाही, मेमरी. तुझ्या गाडीचं मॉडेल आधीच लोड झालेलं असतं, मग गेम तेच परत परत वापरतो. बॅक ओ बियाँड नावाच्या जंगलात रिकाम्या गाड्या आपोआप उतारावरून येतात, त्यावरून आमच्याकडे केवढ्या दंतकथा! तिथे बिगफूट आहे, रात्री बाराला दिसतो, अमळनेरच्या एकाने बघितलाय. बिगफूट गेममध्ये नाहीच. उभ्या गाड्या उतारावर प्रकट होतात आणि घरंगळतात, एवढंच. पण धुकं, रिकामं जंगल आणि पोरांचा घोळका असला की वडाच्या झाडावर हडळ बसतेच, तशी इथेही बसली. मी तेव्हा कुणाला खोडून काढलं नाही. रात्री बाराची वाट बघायला पोरं जास्तीचा तास भरायची.

आणि ते ‘हेसोयाम’, म्हणजे खेळताना टाइप केलं की गेम फुकट मदत देतो असा चीटचा शब्द. भुसावळच्या पोरांना पाढे येत नसतील पण हे यायचं: तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर. आम्हाला तो मंत्र वाटायचा. खरं असं की कॉम्प्युटरच्या आवृत्तीत चीटचे शब्द साठवलेलेच नाहीत, त्या अक्षरांवरून काढलेली एक संख्या साठवलीय. बनवणाऱ्यांचा मूळ शब्द होता ‘आय नीड सम हेल्प’, जोडून लिहिलेला. पण तीच संख्या देणारी दुसरी अक्षरंही असू शकतात. लोकांनी कॉम्प्युटर लावून ती शोधली, आणि त्यात हा छोटा निरर्थक शब्द निघाला. वापर खुशाल. पण रस्त्यावरची माणसं बिथरवणारे चीट मारून सेव्ह करू नकोस, ते सेव्हमध्ये कायमचे बसतात. पुढे मॅड डॉग नावाच्या गायकाला गच्चीवरून उडी मारण्यापासून वाचवायचं मिशन आहे. बिथरलेल्या सेव्हमध्ये तो तुझी वाट न बघता उडी मारतो, आणि गोष्ट तिथेच संपली. असे दोन सेव्ह माझ्या वहीत लाल शाईने खोडलेले आहेत.

तर भाऊ, खेळायचा असेल तर असा खेळ. जुनी मूळ आवृत्ती मिळाली तर ती. ‘सायलेंटपॅच’ नावाची चाहत्यांनी केलेली दुरुस्ती टाक. ऑप्शनमधला फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची याचा लगाम, चालूच राहू दे. तुझ्या मशीनच्या वेगाला तो गेम घाबरतो, लिमिटर काढलास तर सीजेला धड पोहताही येत नाही. मूळ नाही मिळाली तर नवी आवृत्ती घे, पण २०२४ नंतरच्या अपडेटसह आणि जुना प्रकाश चालू करून. शंभर भिंतींवरची चित्रं, पन्नास फोटो, पन्नास नाल, पन्नास शिंपले हे सगळं गोळा करायच्या नादी लागू नकोस, मॅपवर खुणाही नाहीत त्यांच्या. एंजेल पाइनपर्यंत मात्र जा. तिथे पोचलास की मिशनची खूण सोडून दे, एखादी मोटरसायकल घे आणि चिलियाडवर चढ. वर पोचायला दोन-चारदा पडशील. गेममधला दिवस २४ मिनिटांचा असतो. संध्याकाळ होईल असा बेत कर.

आणि चुलतभावांना एकदा फोन लावून विचार, त्यांचं सेव्ह कितव्या जागेवर होतं. माझी वही अजून आहे.